हौदापुरती जागा

ज्ञानेश्वर जावई चाकणहून भलंमोठं खोकं घेऊन उतरला आणि म्हणाला, "मामी, पूल आणलाय," तेव्हा बनुबाईच्या काही ध्यानात आलं नाही. खोकं बघायला शेजारच्या घरातून तिची थोरली नणंद लंकाबाई आली होती. ती म्हणाली, "पूल? घरात काय वढा आलाय व्हय, पूल बांधायला?"

मग त्यानं नीट उलगडून सांगितलं. हवा भरून फुगवायचा रबरी हौद होता तो. त्यात कोमट पाणी भरायचं आणि बाई त्या पाण्यात बसून बाळंत होते. लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. बनुबाईला नवल वाटलं नाही, कारण लेकीनं पाण्यातल्या बाळंतपणाचं तिला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं; 'पूल' हा शब्द तेवढा नवा होता. खोक्यात मावतोय म्हणजे घरात मावेलच, एवढाच विचार तिनं केला आणि तो तासाभरात खोटा ठरला. अंगणात पंपानं हवा भरल्यावर तो हौद असा पसरला की कोंबड्या कुंपणापर्यंत पळाल्या.

शेवगावहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक वस्ती आहे, तिथलं हे घर. घर म्हणजे काय, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची ओसरी. मागच्या खोलीत चूल, गॅस, मोरी, ज्वारीची कोठी आणि देव. पुढच्या खोलीत आप्पासाहेबांची खाट. बनुबाईचे मालक आप्पासाहेब उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून दोन वर्षं त्या खाटेवर होते. अंगासोबत वाचाही गेली होती. "बने", "पानी" आणि "न्हाई" एवढे तीनच शब्द उरले होते, आणि त्या तिन्हींवर ते सगळा संसार चालवत होते.

एकेकाळी हा माणूस साऱ्या टापूत विहिरी पाडायचा. दगडमाती वर ओढायची स्वतःची यारी होती, माणसं होती. जमिनीत मधोमध खुंटी ठोकायची, खुंटीला दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकानं गोल आखायचा. तिथून खाली उतरायचं. खाली खडकातून पहिला झरा फुटला की तळातला माणूस वर बघून ओरडायचा, "लागलं." तेवढा एकच शब्द. मग वरचे सगळे हातातलं काम टाकून काठाशी यायचे आणि गूळ वाटला जायचा. आप्पासाहेब तळाशी दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. लागलं म्हणायचा मान त्यांना स्वतःला हवा असायचा, आणि त्याबद्दल बनुबाई त्यांना चिडवायचीसुद्धा.

रेश्मा ही त्यांची एकुलती लेक. नववा लागला तशी ती बाळंतपणाला माहेरी आली होती. ही दुसरी खेप.

पहिल्या खेपेला तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. टेबलावर उताणं निजवून तिचे पाय पट्ट्यांनी बांधले होते. ती ओरडली की मांडीवर चापट बसायची आणि वर, "आता कशाला रडतीस" हेही ऐकायला मिळायचं. मुलगी झाली, पण ती रडली नाही. असं का झालं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. घरी आल्यावर रेश्मा कुशीवर झोपायची, बसल्या बसल्या झोपायची, पण पाठीवर कधी निजायची नाही. डोक्याला तेल लावून घेताना एकदाच तिनं आईला सगळं सांगितलं होतं. बनुबाईचा हात तिथंच तिच्या डोक्यावर राहिला होता.

"आई, मी त्या टेबलावर परत निजणार न्हाई," रेश्मा आता म्हणत होती. "मला बसून, हलत, माझ्या मानसात बाळंत व्हायचंय. पान्यात कळ सोसंल असं शिस्टर म्हनतात."

शिस्टर म्हणजे नगरच्या आरती सिस्टर. घरी येऊन बाळंतपण करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. शेवगावच्या डॉक्टरीणबाईंनी रेश्माला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं आणि त्या दिवशी मी तयारीत असेन असा शब्दही दिला होता. आरती सिस्टर जागा बघायला आल्या आणि ओसरीवर चहा घेता घेता त्यांनी आपल्या अटी सांगितल्या.

"गाडी दारात उभी पाहिजे. मी निघायचं म्हटलं की निघायचं, तिथं वाद नाही. आणि हौद भिंतीला चिकटवून चालणार नाही. मला चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे."

पहिल्या दोन्ही गोष्टींना सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसरीपाशी घोडं अडलं.

बनुबाईनं मागची खोली उपसून काढली. कोठी रिकामी करून बाहेर ओढली, पिंपं हलवली, देवसुद्धा फळीवर चढवले. तरी मोरीचा कठडा आणि ओटा यांच्या मध्ये हौदाचा अर्धाच भाग बसत होता. ओसरीवर पौषाचं वारं हाडात शिरत होतं आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघत होता. शेरडांच्या गोठ्याचं नाव ज्ञानेश्वरनं काढलं आणि सासूचं तोंड बघून लगेच मागं घेतलं. लंकाबाईचं घर तर याहून बारकं होतं. राहिली ती पुढची खोली.

ती खोली मोजायला बनुबाईला टेप लागला नाही. नवऱ्याला आयुष्यभर बघितलं होतं ना. फरशीच्या मधोमध रेश्माला बोट रोवून धरायला लावलं, त्याला परकराची नाडी अडकवली आणि नाडीच्या टोकाशी चिमटीनं रेघ सोडत ती खाली बसून फिरली. रांगोळी संपली होती म्हणून ज्वारीचं पीठ घेतलं. गोल दारापासून निघाला, खिडकीखालून नीट गेला आणि खाटेच्या दोन पायांमधून आत शिरला. तिनं वाकून खाटेखालीही रेघ पुरी केली.

उठली तेव्हा आप्पासाहेब तिच्याकडेच बघत होते. आखणी बरोबर आहे की नाही हे तपासायचे, तसे ते त्या गोलाकडे बघत होते. बनुबाईनं नजर चुकवली.

आता हे बोलायचं कुणी? हौद यायचा तर खाट जायला हवी. खाट गेली तर माणूस जायला हवा, आणि जायला ओसरीखेरीज जागा नव्हती. या खोलीचा पाया त्यांनी स्वतः पाडलेल्या विहिरीच्या दगडांवर घातला होता. लुळ्या पडलेल्या माणसाला त्याच्याच खोलीतून थंडीवाऱ्यात काढायचं, हा विचारसुद्धा बनुबाईला सोसवेना. आणि लेकीला पुन्हा त्या टेबलावर धाडायचं हेही सोसवेना. ती कोठीपाशी जाऊन उगाच ज्वारी चाळत बसली.

लंकाबाईनं मात्र मनात ठेवलं नाही. गोल बघून ती दारातूनच म्हणाली, "माज्या भावाला जित्तेपनी घराभाईर काढता का आता? त्या रबराच्या हौदासाटी?"

"आक्का, मी काय बोललेय का तसं?" बनुबाई म्हणाली.

"बोलाया कशाला पायजे. रेघ दिसतीय की."

रेश्मा ऐकत होती. ती उठली. अंगणात जाऊन हौदाचं बूच काढलं आणि हवा पुरी जाईपर्यंत तिथंच बसून राहिली. मग घडी घालून तो खोक्यात ठेवला. "राहू दे आई," ती म्हणाली. "मी जाईन दवाखान्यात. सगळ्या बाया जात्यातच की." आणि ओसरीच्या भिंतीला टेकून ती बसल्या बसल्या झोपली. झोपेतही तिचा एक हात मांडीवर घट्ट दाबलेला होता. बनुबाईला ते बघवलं नाही, आणि पिठाची रेघ पुसायला आत जाववलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला पेज भरवत होती. दोन चमचे घेऊन त्यांनी डाव्या हातानं वाटी बाजूला सारली.

"खाली," ते म्हणाले.

दोन वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. बनुबाईला वाटलं पेज सांडली. तिनं वाकून बघितलं.

"काय पडलं अवो?"

"न्हाई. खाली." त्यांच्या कपाळावर घाम आला. "खाली... घे."

बनुबाईनं वाटी बाजूला ठेवली. या भागात खाली घेणं म्हणजे काय ते पोरासोरांनाही ठाऊक आहे. माणसाचा श्वास सरत आला की त्याला खाटेवर ठेवत नाहीत, जमिनीवर घेतात. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून. ते दुसऱ्यांनी ओळखायचं असतं. स्वतःच्या तोंडानं कुणी सहसा सांगत नाही. आप्पासाहेबांच्या वडलांनी मात्र सांगितलं होतं, याच घरात, आणि ऊन पायरीवर यायच्या आत म्हातारा गेला होता.

ती ओरडली नाही. तिनं फक्त जावयाला हाक मारली. पण घराघरांत अशी गोष्ट न सांगता कळते. लंकाबाई धावत आली, आप्पासाहेबांचे दोन पुतणे आले, वस्तीतली माणसं ओसरीवर उभी राहिली. भिंतीकडेच्या फरशीवर घोंगडी अंथरली. चौघांनी आप्पासाहेबांना उचलून खाली घेतलं. लंकाबाईनं देवांपाशी ठेवलेला गंगेचा गडू फोडून चमच्यानं पाणी त्यांच्या तोंडात घातलं, वर तुळशीचं पान ठेवलं. रेश्मा अवघडल्या अंगानं बापाचे पाय धरून बसली. बनुबाई उशाशी बसली. चाळीस वर्षांत या माणसाला सांगायचं राहून गेलेलं खूप होतं, पण तिला एवढंच सुचलं की पेज अळणी होती.

आप्पासाहेबांनी गंगेचं पाणी गिळलं. तुळशीचं पान जिभेनं बाहेर ढकललं. मग सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असू नये एवढा वैताग त्यांच्या चेहऱ्यावर होता.

सगळे थांबले. ऊन पायरीवर आलं, पायरी चढून आत आलं. श्वास चालूच होता, अगदी सरळ. एका पुतण्यानं नाडी बघितली आणि तो मागं सरला.

आप्पासाहेबांनी डावा हात खाटेकडे केला. "न्हाई," ते म्हणाले आणि तो हात दाराकडे झटकला.

"खाट भाईर काढा म्हनतोय," लंकाबाई डोळे पुसत म्हणाली. "काढा. काढायचीच आसती."

खाट उचलून अंगणात नेली. ती हलली आणि खाली राहिलेला पिठाचा गोल उघडा पडला. सगळी खोली मोकळी आणि मधोमध तो पुरा गोल. आप्पासाहेबांनी हात लांब करून रेघेवर बोट टेकवलं आणि पोचेल तिथपर्यंत ते रेघेवरून फिरवलं. मग पायांशी बसलेल्या रेश्माकडे बघितलं. तोंड दोनतीनदा वेडंवाकडं झालं. शब्द येता येईना.

"पो... पोरीचं," ते म्हणाले.

बनुबाईला तेव्हा कळलं. त्यांनी मरण मागितलं नव्हतं. जागा करून दिली होती. सकाळपासून दाबून ठेवलेलं रडू आणि आताचं रडू दोन्ही एकदम फुटलं, आणि सगळ्या वस्तीसमोर ती नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. आप्पासाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ओसरीवरची माणसं चपला घालून हळूच पांगली.

पण खाली घेतलं ते घेतलंच होतं. ज्ञानेश्वर म्हणाला, आता आप्पांची खाट ओसरीवर टाकू, तीन बाजूंनी ताडपत्री बांधू, आत शेगडी ठेवू. लंकाबाईनं मान हलवली.

"एकदा खाली घेतलेलं मानूस परत खाटंवर चढवीत न्हाईत, जावईबापू. चढवलं तर घरातलं दुसरं कोनीतरी जातं." एवढं बोलून ती थांबली, कारण रेश्मा तिथंच उभी होती.

"असं काही नसतं आत्या," रेश्मा म्हणाली. "गारठ्यात जमिनीवर झोपवायचं का त्यांना?"

बनुबाईनं लेकीच्या पोटाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. असतं की नसतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला नवऱ्याला गादीवर, खाटेवर, उबेत बघायचं होतं. "अवो, खाटंवर घिऊ ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. हा शब्द त्यांना नेहमीच स्पष्ट यायचा.

मग ओसरीच्या कोपऱ्यात आधी उसाचं पाचट पसरलं, त्यावर पोती, पोत्यांवर गादी. लंकाबाई घरी गेली आणि स्वतःच्या अंगाखालची जाड गोधडी घेऊन आली. तिनं ती गादीवर अंथरली, कोपरे दाबले आणि भावाला नीट निजवून ती शेगडीत निखारे घालायला बसली. ज्ञानेश्वरनं ताडपत्री बांधली. भिंतीच्या एका अंगाला आप्पासाहेब, दुसऱ्या अंगाला पुन्हा फुगवलेला हौद.

कळा पहाटे सुरू झाल्या. आरती सिस्टर पोचल्या तेव्हा अंगणात बंब पेटला होता, चुलीवर पातेली होती आणि लंकाबाई घागरीमागून घागरी आत नेत होती. पूल म्हणून हसलेली बाई आता हौदात कोपर बुडवून पाणी बघत होती आणि "आजून येक बादली गरम टाका" असा हुकूम सोडत होती. सिस्टरांनी आपला तापमापक खाली सोडून बघितला आणि हो म्हटलं.

रेश्मा पाण्यात उतरली आणि तिच्या तोंडून मोठा निःश्वास बाहेर पडला. काठावर हात टेकून, गुडघ्यांवर बसून ती डुलायला लागली. कळ आली की ती खालच्या आवाजात हुंकारायची, दळताना म्हातारी बाई हुंकारते तशी. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. ज्ञानेश्वर काठाबाहेर बसून तिचे हात धरून होता. सिस्टर मधूनमधून हौदाभोवती फिरून बाळाचे ठोके ऐकत होत्या आणि परत खाली बसत होत्या. बनुबाई आत यायची, लेकीच्या कपाळावर पाणी लावायची, परत ओसरीवर जायची. आप्पासाहेबांनी कान भिंतीला लावला होता. आत पाणी हललं की त्यांचे डोळे हलायचे.

"पोरगी बरी हाय," बनुबाई सांगायची. ते हुं करायचे.

दुपार कलायला लागली तेव्हा रेश्माचा आवाज बदलला. "आई, भीती वाटतीय," ती म्हणाली. बनुबाई हौदापाशी गुडघ्यांवर बसली. तिला म्हणायला मोठं काही सुचलं नाही. "मी हितंच हाय. आप्पा भिंतीपल्याड हायेत. जागा आपली हाय," ती म्हणाली. रेश्मानं आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि मग सगळं अंग खाली लोटलं.

सिस्टरांनी पाण्यातून लेकरू वर घेतलं आणि रेश्माच्या छातीवर ठेवलं. मुलगी होती. सिस्टर टॉवेलनं तिची पाठ चोळत होत्या. बनुबाईला मागची खेप आठवली, तो न आलेला आवाज आठवला, आणि तिनं लुगड्याचा काठ दातांत धरला.

मग लेकरू रडलं. आधी खरखरलं आणि मग खणखणीत रडलं.

भिंतीपलीकडून आप्पासाहेबांचा आवाज आला. दोन वर्षांत एवढा मोठा आवाज त्यांनी काढला नव्हता.

"लागलं!"

लंकाबाई घागर तिथंच ठेवून हौदाच्या काठाशी आली. बनुबाई उठली, मागच्या खोलीत गेली आणि गुळाचा खडा शोधायला लागली.

हौदातलं पाणी संध्याकाळी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं आणि हौद घडी होऊन खोक्यात गेला. बाळंतिणीला बाज हवी, खाली शेगडी हवी, धुरी हवी. घरात खाट एकच होती. ती धुऊन, उन्हात वाळवून पुढच्या खोलीत आणली आणि रेश्माला दिली. तिसऱ्या दिवशी बनुबाई ओव्याची धुरी घेऊन आत गेली तर रेश्मा लेकराला छातीवर घेऊन गाढ झोपली होती. पाठीवर, हातपाय सैल सोडून. बनुबाई धुरी घेऊन दारातूनच मागं फिरली.

सव्वा महिन्यानं आप्पासाहेबांना आत आणलं. हौद होता त्याच जागी फरशीवर त्यांची गादी पडली. खाट रिकामी झाली होती तरी ते चढले नाहीत. कुणी विचारलं की न्हाई म्हणायचे. नातीला त्यांच्या डाव्या हाताशी निजवायचे तेव्हा ती त्यांचं बोट धरायची आणि ते तासन्‌तास हात हलवायचे नाहीत. लागलं हा त्यांचा रोजचा चौथा शब्द झाला होता. ती रडली की तो यायचा.

फाल्गुनात, कडक ऊन पडायला लागल्यावर, एका सकाळी त्यांचा श्वास अडकायला लागला. बनुबाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. लंकाबाई धावत आली आणि दारातूनच, सवयीनं, मागं येणाऱ्या पुतण्यांना म्हणाली, "या रे लवकर, खाली घ्या त्याला."

बोलून झाल्यावर तिनं बघितलं, गादी फरशीवरच होती. खाट भिंतीला उभी होती. रेश्मानं लेकराला आणून आप्पांच्या डाव्या हाताशी निजवलं, आणि पुतणे दारात तसेच उभे राहिले, कारण त्यांना करायला काही उरलं नव्हतं.